बिनपावतीचा कांदा

चोर ठरायला चोरी करावीच लागते असं काही नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ विकत घ्यावी, ती खांद्यावर टाकावी आणि तसल्याच माळा विकणाऱ्या एसी दुकानात शिरावं. पुढचं सगळं दुकानवाले बघून घेतात.

कांद्याची माळ खांद्यावर टाकून कुणी एसी दुकानात कशाला शिरेल, असं मुंबईकरांना वाटेल. मांडव्याच्या माणसाला वाटणार नाही. एप्रिलमधल्या भर दुपारी आमच्याकडे माणूस कुठंही शिरतो. एटीएममध्ये पैसे नसले तरी आत गर्दी असते.

पूर्वी मांडव्याला असली दुकानं नव्हती. गेटवेहून लाँच यायची, माणसं उतरायची आणि अलिबागच्या बसमध्ये खिडकी मिळावी म्हणून जेटीवरून धावत सुटायची. बसचं भाडं बोटीच्या तिकिटातच असल्यामुळे मांडव्याला थांबून एखादा वडापाव खाणंही लोकांना नुकसानीचं वाटायचं. मग १५ मार्च २०२० ला भाऊच्या धक्क्याहून रो-रो सुरू झाली. दहा दिवसांत देश बंद झाला, त्यात बोटीचा काही दोष नव्हता. देश उघडला तशा बोटीच्या पोटातून मोटारी बाहेर पडायला लागल्या. लाँचमधून चालत उतरणाऱ्याला शहाळं पुरतं. मोटारीतून उतरणाऱ्याला ॲव्हाकाडो लागतो, कुत्र्याचं बिस्किट लागतं आणि बंगल्यावर पोचायच्या आत ‘गावाकडचा फील’ लागतो. या तिन्ही गरजा एकाच छपराखाली भागवणारं एक दुकान आमच्या रस्त्यावर उभं राहिलं. दाराशी बैलगाडीचं चाक, कंदील आणि सारवलेली चूल. त्या चुलीत आजवर काडी पेटलेली नाही. तिच्यापुढं उकिडवं बसून बायका फोटो तेवढे काढून घेतात.

मला तिथं पाठवलं बायकोनं. नातू मुंबईहून आला होता आणि त्याला पास्ता हवा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘चीज. नेहमीचं नको, दुसरं.’ लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर चिठ्ठीत एवढाच मजकूर येतो.

वाटेत नाक्यावर चिंचेखाली कांदेवाली आजी बसली होती. तिकडच्या कार्ले-खंडाळे भागातली. भात कापून झालं की त्याच जमिनीत हा कांदा लावतात, फेब्रुवारी-मार्चला काढतात आणि वाळलेल्या पातीच्या वेण्या घालून माळा करतात. घरात टांगली की माळ पावसाळाभर पुरते. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरातही या कांद्याचा उल्लेख आहे. आजीचा नाही, पण तो दोष गॅझेटियरचा. बहुतेक तेव्हाही ती इथंच बसलेली असावी.

“केवढ्याला, आजी?”

“दोनशे.”

“दीडशे घे.”

“बाला, आधी कांदा बघ, मंग तोंड उघड.”

“एकशेऐंशी.”

“दोनशे. आन् अजून उभा रायलास तर अडीशे.”

मी निमूट दोनशे रुपये दिले आणि माळ खांद्यावर टाकली. पावती मागितली नाही. मागितली असती तर आजीनं मला उन्हातून उठवून दवाखान्यात नेलं असतं. आमच्या किनाऱ्यावर पावती हा प्रकारच नाही. कोळीण बोंबलाच्या वाट्याबरोबर बिल देत नाही. ताडगोळेवाला देत नाही, अंडीवाली देत नाही, रिक्षावाला तर सुटे पैसेही देत नाही. उद्या आमच्या स्वयंपाकघरावर धाड पडली, तर गॅसचा सिलिंडर आणि मिठाची पुडी सोडून सगळा माल चोरीचा निघेल.

दुकानाच्या दाराशी सिक्युरिटी म्हणून आमच्याच आळीतला एक पोरगा उभा होता. त्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या आहेत. पिशव्या ठेवायच्या खणात त्यानं माझी माळ उभी घालून पाहिली, आडवी घालून पाहिली, शेवटी घडी घालायला लागला तेव्हा मी ओरडलो.

“ऱ्हाऊ द्या काका, मावत नाय. न्या आत,” तो म्हणाला.

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढं ते माझ्याशिवाय कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

आत एका खुंटीवर थेट माझ्या माळेसारख्या माळा टांगलेल्या होत्या. वर पाटी होती, ‘हेरिटेज व्हाइट ओनियन, अलिबाग. हँडब्रेडेड.’ खाली किंमत, चारशे नव्याण्णव. मी थबकलो. एक माळ खुंटीवरून काढली, माझी तिच्याशेजारी धरली, दोन्ही हातांत वजन केलं, दोन्हींचा वास घेतला. मग आजूबाजूला कुणी ओळखीचं दिसतंय का पाहिलं, कारण तीनशे रुपये वाचवल्याचा आनंद एकट्यानं भोगायचा नसतो. कुणी दिसलं नाही, म्हणून एकटाच हसलो, दुकानाची माळ खुंटीला अडकवली आणि चीजच्या फ्रिजकडे गेलो. हे सगळं छतावरच्या कॅमेऱ्यानंही पाहिलं. माझ्या मनातलं तेवढं त्याला ऐकू आलं नाही. आणि माळ मी परत अडकवली तो क्षण एका बाईंच्या मोठ्या टोपीआड गेला.

फ्रिजमध्ये ‘दुसरं’ चीज नव्हतं. दुसरं, तिसरं, निळं, भोकाचं, बुरशी मुद्दाम लावलेलं, अशी रांगच होती आणि सगळ्यात लहान तुकड्याच्या किमतीत नातवाला आठवडाभर सुरमई खाऊ घालता आली असती. मी फ्रिजचं दार उघडून पुरेसा गारवा घेतला, बंद केलं आणि काही न घेता बाहेर निघालो. दुकानात शिरून काहीच न घेणारा माणूस आधीच संशयित असतो. माझ्या तर खांद्यावर माळ होती.

“ओ सर!”

ज्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या तो पोरगा मला ‘सर’ म्हणाला, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

“माळेचं बिल दाखवा.”

“अरे, ही मी येतानाच आणली. तूच म्हणालास ना, आत न्या?”

“मना आठवत नाय, सर.”

मॅनेजर आला. पोरगेलासा, गळ्यात टाय, आवाजात साय. “सर, प्लीज को-ऑपरेट करा. आमच्या सिस्टीममध्ये बारा माळा आहेत. खुंटीवर अकरा आहेत.”

“मग?”

“आणि तुमच्या खांद्यावर एक आहे.”

या गणितात चूक काढता येईना. अकरा अधिक एक बारा हे मलाही पटत होतं. सराईत चोराला असल्या वेळी काय बोलायचं ते पाठ असतं. निर्दोष माणसाला प्रश्नच नवा असतो. मी जे करू नये ते केलं. कुणी मागितलेलं नसताना खिसे उलटे केले.

बाहेर काय आलं ते सांगतो. हॉटेलातल्या बडीशेपेच्या चार पुड्या. टोमॅटो सॉसच्या दोन. कुठल्याशा दवाखान्याचा नंबर असलेला पितळी बिल्ला. आणि एक बॉलपेन, ज्याला बँकेच्या काउंटरचा दोरा अजून लोंबत होता. ते पेन माझ्या खिशात कसं आलं ते आजतागायत मला कळलेलं नाही. जमलेल्या लोकांना मात्र ताबडतोब कळलं.

लोक जमले होतेच. चीज घेताना घोटाळणारी माणसं चोर पाहताना एकदम ठाम होतात. मॅनेजरनं टीव्हीवर चित्रण लावलं. पडद्यावर एक टकला म्हातारा माळ काढतो, हुंगतो, इकडंतिकडं बघतो आणि गालातल्या गालात हसतो. मी स्वतःला इतक्या वरून आधी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या माणसावर माझाही विश्वास बसेना.

एवढ्यात माझा शाळेतला दोस्त गर्दीत दिसला. मी हाक मारली. तो धावून आला आणि मॅनेजरला म्हणाला, “हे बघा साहेब, याला मी पहिलीपासून ओळखतो. हा चोर नाही. आम्ही सगळे कैऱ्या पाडायला झाडावर चढायचो, पण हा कधी चढला नाही.”

मी छाती फुगवली.

“हा खाली पिशवी धरून उभा राहायचा,” त्यानं साक्ष पुरी केली.

मग मॅनेजरनं घरी फोन लावायला लावला आणि स्पीकर चालू केला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

“चोरी? हे?” ती म्हणाली. “अहो, यांना ताटाशेजारचं मीठ सापडत नाही, तुमच्या दुकानातली माळ कुठून सापडेल?”

लोक हसले. नालायक म्हणून निर्दोष सुटायलाही मी तयार होतो. पण ती थांबली नाही. “आणि घेतली असलीच तर बारक्या कांद्याची घेतली असणार. निवड म्हणून नाहीच यांना. भाद्रपदात ओरडून सांगत होते, चतुर्थीला वर बघू नका, चंद्र दिसेल, चोरीचा आळ येईल. तर म्हणे, ढग कसे आहेत ते बघतो. बघितलेत ना ढग? आणि ते चीज घेतलंत का?”

आता स्वाभिमानाचा प्रश्न आला. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, “मी याच गावचा आहे. मांडव्याचा!”

टोपीवाल्या बाई किंचाळल्या, “ओ माय गॉड, अग्निपथ!” आणि त्यांनी माझ्याबरोबर सेल्फी घेतली. बिचाऱ्यांना ठाऊक नसावं, की त्या सिनेमातल्या मांडव्यात एका सरळमार्गी मास्तरवर खोटा आळ येतो आणि गावकरी त्याचा जीव घेतात. माझ्या दृष्टीनं हा काही फार चांगला दाखला नव्हता. शिवाय १९९० चा अमिताभचा अग्निपथ असो की २०१२ चा हृतिकचा, देशभर गाजलं ते आमच्या गावाचं नाव. हृतिकच्या सिनेमातला मांडवा चित्रित झाला दीवला. नाव आमचं, किनारा दीवचा. त्या मालाचं बिल कुणी कुणाकडं मागितल्याचं ऐकिवात नाही.

सिनेमानं काम होईना म्हणून मी इतिहासाकडं वळलो. “ही सरखेल कान्होजी आंग्र्यांची भूमी आहे! इथं माणसाला दाराशी अडवून बिल मागता?”

गर्दीतल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी घसा साफ केला. असा एक गृहस्थ प्रत्येक गर्दीत असतो.

“माफ करा,” ते म्हणाले, “पण कान्होजी नेमकं हेच करायचे. या समुद्रातून जाणाऱ्या गलबतांनी त्यांचं दस्तक घ्यायचं. ज्याच्याकडं दस्तक नाही, त्याला अडवायचे.”

“मग?”

“इंग्रज म्हणायचे, आम्हाला दस्तक लागत नाही. वर उलट कान्होजींनाच चाचा म्हणायचे. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चालून आले आणि मार खाऊन परत गेले. म्हणजे हिशेबानं बघता, कान्होजी हा सिक्युरिटीवाला मुलगा. तुम्ही इंग्रज.”

आळीतल्या पोराची छाती दोन इंच वाढली. अलिबागेत समाधी असलेल्या पुरुषाला मी साक्षीला बोलावलं आणि तो सरकारपक्षाला मिळाला.

मी शेवटचा मुद्दा काढला. “साहेब, मुंबईत कुणी बावळटपणा केला की लोक काय म्हणतात? ‘अलिबागसे आया है क्या?’ या वाक्यावर बंदी घाला म्हणून आमच्या तालुक्यातला एक जण २०१९ साली हायकोर्टात गेला होता. कोर्टानं याचिका फेटाळली. म्हणाले, विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका. तेव्हा आम्ही बावळट आहोत ही गोष्ट कोर्टातही राहिली. मग एवढ्या बावळट माणसाला एवढ्या कॅमेऱ्यांखालून चोरी जमेल कशी?”

“न जमल्यामुळेच पकडले गेलात ना,” मॅनेजर म्हणाला. पोरगा दिसत होता त्यापेक्षा हुशार निघाला.

इथं अर्ध्या चड्डीतले एक वकील पुढं आले. शनिवार-रविवार बंगल्यावर येणारे. “भारतीय न्याय संहिता, कलम ३०३,” ते म्हणाले. “१ जुलै २०२४ पासून लागू. घाबरायचं कारण नाही, काका. माल पाच हजारांच्या आतला आहे, गुन्हा पहिलाच आहे...”

“पहिलाही नाही!”

“...माल परत केलात की शिक्षा फक्त समाजसेवेची.”

यानंतर मी चोरी केली की नाही हा विषय मागं पडला आणि माझ्याकडून कोणती सेवा करून घ्यायची यावर चर्चा रंगली. एक जण म्हणाला, जेटीखालचं प्लास्टिक. दुसरा म्हणाला, किहीमचा किनारा. ग्रामपंचायतीतले एक सदस्य दूध घ्यायला आले होते. त्यांनी आपल्या वॉर्डातलं गटार सुचवलं आणि ते आधी झालं पाहिजे असा आग्रह धरला. मोफत माणूस मिळतोय म्हटल्यावर गावाची अडलेली कामं किती असतात ते कळलं. त्या दिवशी मला जन्मठेप झाली असती तरी ती कामं उरली असती.

तसा काळ बराच सुधारलाय म्हणायचं. इंग्लंडात १६९९ च्या कायद्यानं दुकानातून पाच शिलिंगांचा माल लंपास केला तर फाशीची तरतूद होती. इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या सख्ख्या मामी १७९९ साली बाथ शहरातल्या एका दुकानातून काळी लेस घेऊन बाहेर पडल्या. दुकानवाल्यांनी रस्त्यात गाठून पुडकं उघडायला लावलं, तर आत पांढरी लेसही निघाली. किंमत वीस शिलिंग. मामींना खटला उभा राहीपर्यंत काही महिने तुरुंगाधिकाऱ्याच्या घरात काढावे लागले. मार्च १८०० मध्ये टॉन्टनच्या कोर्टात ज्यूरीनं त्यांना काही मिनिटांत सोडून दिलं. त्या कोर्टापुढं स्वतः बोलल्या आणि त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की देवानं मला सगळं दिलंय, मी एवढ्याशा लेसवर हात कशाला मारीन? मला हा मुद्दा घेता येईना. समोरच्या टेबलावर माझ्या खिशातल्या सॉसच्या पुड्या पडल्या होत्या.

शेवटी मी म्हणालो, “नाक्यावरच्या आजीला बोलवा.”

आजी आली. टोपली डोक्यावर, पदर खोचलेला. दाराशी सारवलेली चूल पाहून तिनं नाक मुरडलं. “ही कनाला बांधली? धूर कुठून जाणार?” तिथं फोटो काढणाऱ्या बायका बाजूला सरकल्या.

मॅनेजरनं दोन्ही माळा पुढं धरल्या. “आजी, या सारख्याच आहेत ना?”

आजीनं माझ्या माळेच्या वेणीवरून बोट फिरवलं. “ही माजी वेणी. यो पीळ बघ. माज्या सासूनी शिकवला.” मग दुकानाची माळ घेतली, उलटी केली, एक कांदा चिमटीत दाबला आणि मॅनेजरकडं अशा नजरेनं पाहिलं की त्याचा टाय आपोआप सैल झाला. “आन् यो काय? यो आमचा नाय.”

“पाटीवर अलिबाग लिहिलंय, आजी.”

“पाटी खातंस का कांदा खातंस?”

पुराव्याशिवाय ऐकायचं नाही ही वकिलांची सवय. त्यांनी दोन्ही कांदे कापायला लावले. मुळात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची ख्याती हीच, की तो गोडसर असतो, तिखटपणा कमी आणि कापताना डोळ्यांत पाणी येत नाही. त्यासाठी त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे दुसरीकडच्या कांद्यानं हे नाव लावायचं नाही. वकिलांनी आधी माझा कांदा खाल्ला. कचाकचा खाल्ला, दुसरी फोड मागून घेतली. मग दुकानाचा कांदा तोंडात घातला आणि ते थांबले. त्यांचे डोळे भरून आले. नाक गळायला लागलं. अर्ध्या चड्डीतले एक ज्येष्ठ विधिज्ञ बिलाच्या काउंटरला टेकून हमसून हमसून रडताना मी पाहिले. खोट्या साक्षीदाराला कोर्टात फुटताना पाहायची त्यांना सवय असेल, पण या वेळी साक्षीदार फोडून त्यांनी स्वतःच गिळला होता.

मॅनेजरची पंचाईत बघण्यासारखी झाली. मला चोर ठरवायचं तर दोन्ही कांदे एकच आहेत असं म्हणायला हवं. ते तर डोळ्यांदेखत वेगळे ठरले होते. आपला कांदा खरा अलिबागचा आहे असं म्हणावं, तर वकील अजून डोळे पुसत होते. आणि कांदा अलिबागचा नाही असं कबूल करावं, तर पाटी कुणी लावली हा पुढचा प्रश्न होता. तो काही न बोलता स्टुलावर चढला आणि पाटी उतरवायला लागला.

“मग बारावी माळ गेली कुठं?” चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं. अशा माणसांना हिशेब अर्धवट ठेवता येत नाही.

आळीतल्या पोराला आता सगळंच आठवायला लागलं होतं. तो हळूच म्हणाला, “ती मीच चुलीवर टांगलीय. मॅनेजर साहेबच बोलले, फोटोत जरा गावाकडचा फील पायजे.”

मघापासून माझ्यासाठी गटार शोधणारी गर्दी झर्रकन मॅनेजरवर उलटली. टोपीवाल्या बाई म्हणाल्या, त्यांना पहिल्यापासूनच काकांच्या चेहऱ्यावर सच्चेपणा दिसत होता. दोस्तानं सगळ्यांना सांगितलं, की मी पिशवी धरायचो तीसुद्धा नाइलाजानं. मॅनेजरनं माझे दोन्ही हात धरून सॉरी म्हटलं आणि पुढल्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन दिलं. कमीत कमी खरेदी दोन हजारांची.

स्यमंतक मण्याचा आळ आला तेव्हा श्रीकृष्णाला तरी कूपन कुणी दिलं होतं? त्याला जंगलात जाऊन मेलेला प्रसेन शोधावा लागला, मेलेला सिंह शोधावा लागला आणि जांबवंताच्या गुहेत एकवीस दिवस कुस्ती करावी लागली. काही पुराणांत अठ्ठावीस सांगितलेत. पण बाहेर आला तो मणी घेऊन आणि जांबवती घेऊन. सत्राजिताला आळ घेतल्याची एवढी लाज वाटली की त्यानं आपली सत्यभामाही देऊ केली. एका खोट्या आळापायी दोन लग्नं. ही गोष्ट मी घरी जरा रंगवून सांगितली. बायको म्हणाली, “तुम्हाला दहा टक्के मिळालेत, ते पुष्कळ झाले.”

खरा फायदा आजीचा झाला. वकिलांचं रडणं पाहिलेल्या लोकांनी जागेवरच तिची टोपली रिकामी केली. पहिली माळ दोनशेला गेली, दुसरी तीनशेला. मोटारीतले लोक भाव करत नाहीत हे तिच्या लक्षात आलं, तशी तिसरी पाचशेला. आता ती पाचशेच्या खाली उतरत नाही. मी आठवण करून दिली, की आजी, मी तुझा गिऱ्हाईक, तुझ्यापायी मी चोर झालो. ती म्हणाली, “तुज्यापायी माजी दुपार गेली, बाला.”

गावात मात्र निराळाच प्रकार झाला. आळाची बातमी संध्याकाळच्या लाँचच्या आधी रेवसपर्यंत पोचली. सुटकेची बातमी कुणाला नकोच होती, कारण तिच्यात काही चव नव्हती. लोक भेटायला यायला लागले. एकानं विचारलं, “सुटलात म्हणे?” दुसऱ्यानं विचारलं, “जामीन केवढ्याचा?” एक वयस्क बाई आमच्या हिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “या वयात होतं असं. आमच्या ह्यांना तर मी दुकानात नेतच नाही.” दवाखान्याचा पितळी बिल्ला परत करायला गेलो, तर कंपाउंडर म्हणाला, “ठेवा काका, राहू द्या. तुमच्याशी कशाला वाद?”

दिवेलागणीला पलीकडच्या आळीतले एक सद्गृहस्थ आले. देवळाच्या विश्वस्त मंडळावर असतात. दुकानात माझी समाजसेवा ठरत होती तेव्हा गटाराला त्यांनीच अनुमोदन दिलं होतं. चहा झाला, हवापाण्याचं झालं. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

“माळा अजून शिल्लक आहेत का?”

“कसल्या माळा?”

“आता आमच्याशी कशाला? आमच्या तोंडून बाहेर जायचं नाही. निम्म्या भावात देत असाल तर एक टाका.”

मी देवाशपथ सांगितलं, की एकच माळ आहे आणि ती आजीकडून रोख दोनशे रुपये मोजून आणलेली आहे.

“दोनशे?” ते समजूतदारपणे हसले. “अहो, आजी पाचशेच्या खाली बोलत नाही. आजच विचारून आलोय. दोनशेला आणली म्हणता, म्हणजे तुम्हीच बघा.”

मी बघत राहिलो. त्यांनी उठून स्वयंपाकघराच्या दारावरची माळ काढली, पिशवीत घातली, पाचशेचे निम्मे म्हणून अडीचशे रुपये चहाच्या बशीखाली सरकवले आणि चपला घालून अंधारात दिसेनासे झाले. मला सरळ पन्नास रुपये सुटले. आणि पावती म्हणाल, तर त्यांनीही मागितली नाही.